‘सी हॉक’ : कादंबरी आणि मूकपट

राफाएल साबातिनी याची ‘द सी हॉक’ ही कादंबरी १९१५ सालीं प्रसिद्ध झाली व १९२४ सालीं फ्रँक लॉइड या दिग्दर्शकानें तिजवर मूकपट काढला. चांच्यांच्या कथा म्हणजे केवळ मुलांचें वाचन, हा समज या कथेपुरता तरी वाचकांनीं बाजूस ठेवावा. तिच्या गाभ्याशीं एका मानी पुरुषाचें मौन आहे. कॉर्नवॉलमधील सर ऑलिव्हर ट्रेसिलियन याच्या वाग्दत्त वधूचा भाऊ मारला जातो. मारणारा असतो ऑलिव्हरचा सावत्र भाऊ लायोनेल. आळ येतो ऑलिव्हरवर, आणि भावासाठीं तो तोंड मिटून राहतो. लायोनेल या उपकाराची फेड करतो ती त्याला जहाजावरून पळवून नेववून!

मौनावर उभारलेली कथा मूकपटास मानवावी असें वाटतें. परंतु पूर्वार्ध येथेंच फसला आहे. जें मिल्टन सिल्सच्या मुद्रेवर दिसावें तें मजकुराच्या पाट्या सांगूं लागतात, आणि रोझमंड तर नुसती रुसलेली दिसते. कादंबरींत ती ऑलिव्हरच्या निर्दोषत्वाचा पुरावा न वाचतांच आगींत टाकते. त्या अभिमानाची धग पडद्यावर लागत नाहीं.

समुद्रावर मात्र चित्र एकदम जिवंत होतें. खेळण्यांतल्या जहाजांनीं प्रेक्षक फसत नाहीं, हें ओळखून लॉइडनें पूर्ण आकाराचीं जहाजें सिद्ध करविलीं व कॅलिफोर्नियाच्या कॅटालिना बेटाजवळ चित्रण केलें. स्पॅनिश गलबतावर वल्ह्याशीं जखडलेला ऑलिव्हर पाहतांना पाटीची गरजच उरत नाहीं. ज्या ख्रिस्ती जगानें त्याला साखळदंड घातले, त्याचा धर्म टाकून तो अल्जीयर्सचा चांचा ‘सक्र-एल-बहर’ कां होतो, हें त्या वल्ह्यांवरच कळून चुकतें. पुढें साबातिनी या धर्मांतराची जी उलटतपासणी करतो, ती चित्रपटानें टाळली. पोशाख बदलला एवढ्यावर त्याचें समाधान झालें. हा दोष आम्हांस लहान वाटत नाहीं.

वॉलेस बीरीचा जॅस्पर ली हा लबाड तांडेल मात्र नायकाहून अधिक लक्षांत राहतो. (खलपुरुषास थोडा विनोद दिला कीं असें व्हावयाचेंच.)

१९४० सालीं एरॉल फ्लिनचा याच नांवाचा बोलपट निघाला. त्यानें नांव तेवढें घेतलें, कथा सोडली. लॉइडच्या जहाजांचें नशीब त्या मानानें बरें : १९३५ च्या ‘कॅप्टन ब्लड’ या बोलपटांत त्यांचीं दृश्यें पुन्हां वापरलेलीं आहेत.