‘खराब’ रेकॉर्डिंग कोणाचं?

ईईजीच्या पेपरमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: ‘आर्टिफॅक्ट असलेला डेटा काढून टाकला.’ आपण ते वाचून पुढे सरकतो. माझा आक्षेप नेमका तिथेच आहे.

सफाईला विरोध नाही. टाळूवर मिळणारा मेंदूचा सिग्नल साधारण 10 ते 100 मायक्रोव्होल्टचा. पापणी लवली की तो सहज झाकला जातो. 2007 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिटहॅम आणि सहकाऱ्यांनी स्नायू औषधाने तात्पुरते लुळे करून दाखवलं, की 20 हर्ट्झच्या वरचा बराचसा सिग्नल मेंदूचा नसून स्नायूंचाच असतो.

पण सफाई वेगळी, माणूस वगळणं वेगळं. समजा, मे महिन्यात संग्रामपूर तालुक्यात रेकॉर्डिंग करायचंय. घामाने रेषा हळूहळू वरखाली सरकते. अर्थिंग धड नसेल तर विजेचे 50 हर्ट्झ शिरतात. ते फिल्टरने जातील. पण तेल लावलेल्या घट्ट वेणीमुळे इलेक्ट्रोड त्वचेला टेकलाच नाही, तर कुठला फिल्टर कामी येणार? मग गळतं कोण? शेतातून थेट आलेली मजूर बाई. उरतं कोण? केस धुऊन एसीत बसलेला कॉलेजचा विद्यार्थी. निष्कर्ष मात्र ‘मानवी मेंदू’बद्दल!

म्हणून किती रेकॉर्डिंग गळली एवढंच लिहू नका. कोणाची आणि का गळली, तेही लिहा. आणि गाळण्याआधी वेणी सोडायला, केस धुवायला, घाम सुकायला वेळ द्या. प्रयोगाच्या वेळापत्रकात तेवढी जागा आधीच ठेवावी लागते.