वडिलांच्या हातचे घर

दिवंगत वडिलांविषयीचे लेख आमच्या मासिकांतून पुष्कळ येतात. प्रेमळ, कष्टाळू, कुटुंबवत्सल ही विशेषणे त्यांत ठरलेली असतात. गृहस्थ मात्र दिसत नाही. त्यांच्या हातून दिवसभर काय काम होई, हे लेख संपला तरी उमगत नाही. अशा वेळी आम्हांस लॉरा इंगल्स वाइल्डर या अमेरिकन लेखिकेची आठवण होते. तिचे वडील चार्ल्स इंगल्स १९०२ साली वारले. त्यांच्यावरील पहिले पुस्तक, ‘लिटल हाउस इन द बिग वुड्स’, १९३२ साली निघाले, तेव्हा लॉराबाईंचे वय पासष्ट होते. तीस वर्षे मनात मुरलेली ही पितृस्मृती बालवाङ्मय म्हणून कपाटात लावली जाते, हे आम्हांस पटत नाही.

ह्या पुस्तकांत वडिलांची स्तुती जवळजवळ नाही. ‘माझे वडील’ असेही बाई म्हणत नाहीत. स्वतःचा उल्लेखही त्या परक्यासारखा ‘लॉरा’ असाच करतात. जे आहे ते वडिलांचे करणे. रात्री ते केस पिंजारून, हातांपायांवर रांगत, पिसाळलेल्या कुत्र्याचे सोंग आणतात आणि मुलींना चुलीपाशी लाकडाच्या पेटीआड कोंडतात. मुली खऱ्याच भितात, आणि क्षणात हसू लागतात. मग फिडल वाजू लागते. नाताळापूर्वी तेच वडील रोज संध्याकाळी पत्नीसाठी भिंतीवरची एक फळी कोरतात: चांदण्या, फुले, वेली. चाकूची खूण बोटाला लागेनाशी होईपर्यंत ते ती काचकागदाने आणि मग तळहाताने घासतात. फळीवर चिनी मातीची एक चिमुकली बाहुली उभी राहते. पुढे बिऱ्हाड कोठेही हलो, बाहुली मांडली म्हणजे घर झाले. दर तीन वर्षांनी सामान मालगाडीत घालणाऱ्या आम्हां नोकरदारांस हे निराळे समजावून सांगावयास नको.

‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ (१९३५) मधील दाराचे प्रकरण आम्हांस सर्वश्रेष्ठ वाटते. खिळे नाहीत. वडील ओंडके फोडून फळ्या तासतात, गिरमिटाने भोके पाडून त्यांत लाकडी खुंट्या ठोकतात, चामड्याच्या पट्ट्यांच्या बिजागऱ्या करतात आणि शेवटी लाकडाचा खटका बसवून त्याची दोरी भोकातून बाहेर सोडतात. दिवसा दोरी बाहेर, रात्री आत ओढली की कुलूप. हे वाचून हाताशी कुऱ्हाड असल्यास कोणीही दार करावयास बसेल, इतके ते नेमके आहे. माया येथे शब्दाने सांगितलेली नाही. दार पक्के आहे, एवढेच सांगितले आहे. ज्या लेखिकेने दार असे पाहिले तिच्या साक्षीवर आमचा विश्वास बसतो.

हा विश्वासच पुढे पेच उभा करतो. कान्ससमधील ते घर ज्या भूमीवर उभे होते ती ओसेज लोकांची राखीव भूमी होती. वडिलांना तेथे वस्तीचा अधिकार नव्हता. सैन्य येऊन हुसकावणार असे कळताच ते सरकारला दूषणे देतात आणि नांगर मागे टाकून निघतात. दाराची दोरी मात्र कोणा वाटसरूस निवारा मिळावा म्हणून बाहेर सोडून ठेवतात. हा उदारपणा खरा आहे आणि भूमी परक्याची आहे, हेही खरे. बाईंनी दोन्ही गोष्टी कागदावर ठेवल्या, तथापि कल वडिलांकडे ठेवला. ज्या वाक्यात इंडियनांची गणना माणसांत झाली नव्हती ते १९५३ च्या आवृत्तीत बदलावे लागले. वडिलांचा गमत्या स्वभावही सर्वस्वी निष्पाप नव्हे: ‘लिटल टाउन ऑन द प्रेअरी’ (१९४१) मध्ये ते तोंडाला काळे फासून निग्रोचे सोंग घेतात आणि गाव हसते. २०१८ साली अमेरिकेतील ग्रंथपालांच्या संस्थेने बाईंच्या नावचे पारितोषिक दुसऱ्या नावाने द्यावयाचे ठरविले. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पुस्तके मात्र वाचली जावीत, कारण बापाचे दोषही आपणांस कळले ते ह्याच मुलीच्या लेखणीतून.

आमचा आक्षेप वेगळ्याच ठिकाणी आहे. बाईंचे मूळ आत्मकथन ‘पायोनियर गर्ल’ २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यात दिसते की आयोवातील बर ओक गावी घरभाडे थकले होते आणि वडिलांनी सारे कुटुंब घेऊन रात्रीच्या अंधारात गाव सोडला. त्याच सुमारास, १८७६ साली, तान्हा मुलगाही दगावला होता. कादंबऱ्यांत ही रात्र नाही, तो मुलगाही नाही. मुलांसाठी लिहावयाचे म्हणून गाळले, हे समर्थन आम्हांस अपुरे वाटते. वडिलांची अब्रू राखावयाची होती, असे आम्ही समजतो, आणि मुलीने तसे करावे हे स्वाभाविक आहे. परंतु खिळ्यांवाचून दार कसे झाले हे जिने सांगितले, तिने त्या रात्री गाडी कोणी भरली, घोडे गुपचूप कसे जुंपले, फिडल कोठे ठेवले, हेही तितक्याच सरळपणे सांगितले असते. वडील त्याने लहान झाले नसते.