‘आ लो कुबानो’ : बाहेरून फिरवलेला क्रमांक

देश सोडून गेलेला कलावंत देशाचे गाणे गाऊ लागला, की त्याच्यावर दोन आरोप ठेवले जातात. त्याला आता तेथील सुखदुःखाची वार्ता उरलेली नाही, हा एक. आणि घरची ठेव तो परक्या बाजारात मांडतो आहे, हा दुसरा. ‘ओरिशास’ या क्युबन रॅप-मंडळींची ‘आ लो कुबानो’ ही १९९९ सालची पहिली ध्वनिमुद्रिका ऐकताना हे दोन्ही आरोप मनात येतात. त्यांचा निवाडा पुराव्यावर व्हावा.

योतुएल आणि रूसो हे दोघे मूळचे हवानाच्या ‘आमेनासा’ या मंडळीतील. सोव्हिएत संघ १९९१ साली कोसळल्यावर क्युबावर जी ओढगस्त आली, तीत त्यांचे तारुण्य गेले. पुढे पॅरिसमध्ये त्यांना रोल्दान हा जुन्या ‘सोन’ परंपरेत मुरलेला गायक लाभला. दोघे झपाट्याने शब्द फेकतात आणि रोल्दान सुरात उत्तर देतो. कीर्तनात निरूपण रंगात आले असता पद यावे, तसे. मंडळींचे नावही आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या योरुबा लोकांच्या दैवतांवरून घेतलेले आहे.

या ध्वनिमुद्रिकेतील सर्वोत्तम गीत ‘५३७ क्युबा’ हे होय. कोम्पाय सेगुंदोच्या ‘चान चान’ या गीताची चाल येथे उघडपणे घेतलेली आहे. १९९७ च्या ‘बुएना विस्ता सोशल क्लब’मुळे ती चाल युरोपात घरोघरी पोचली होती, तेव्हा आयत्या लोकप्रियतेवर हात मारल्याचा संशय येणे स्वाभाविक आहे. परंतु शीर्षकातील आकडे पाहावेत. ५३ हा क्युबाचा आणि ७ हा हवानाचा दूरध्वनी-संकेत. हवानात बसून हवानातल्या घरी बोलणाऱ्यास हे आकडे लागत नाहीत. ते बाहेर गेलेल्यालाच फिरवावे लागतात. आपण दूर आहोत हे गायक लपवीत नाहीत; त्यांचे गाणे या कबुलीपासूनच सुरू होते. पहिला आरोप येथे टिकत नाही.

दुसरा मात्र अंशतः सिद्ध होतो. ‘आत्रेविदो’त एक तरुणी परदेशी पाहुण्याला भुलवून लुबाडते. गीत खुसखुशीत आहे, पण पाहुण्याच्या भोळेपणाला हसता हसता तिची गरज लयीत विरून जाते. शब्दांना जेथे धार चढावी तेथे रोल्दानचा मधुर स्वर ती बोथट करतो, असे इतरत्रही घडते. हा गोडवा परक्या श्रोत्यासाठी आहे.

तरीही ही ध्वनिमुद्रिका केवळ आठवणींची विक्री ठरत नाही. २०२१ साली योतुएल ज्यात होता ते ‘पात्रिया ई विदा’ हे गीत निर्वासित आणि हवानातील कलावंत यांनी मिळून केले. त्या जुलैत क्युबाच्या रस्त्यांवर निदर्शकांनी त्याचेच शब्द घोषणेसारखे उच्चारले. १९९९ साली फिरवलेल्या क्रमांकाला पलीकडून उत्तर मिळण्यास बावीस वर्षे लागली.