मिरजेचा तंबोरा आणि सावंतवाडीचा आंबा

महाराष्ट्रातल्या हाताने घडवलेल्या लाकडी वस्तूंविषयी बोलायचे तर मिरज आणि सावंतवाडी ही दोन गावे टाळता येत नाहीत. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तंतुवाद्ये बनतात. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तिथे हे काम रुजवले, आणि 2024 साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. सावंतवाडीच्या चितारींनी रंगीत पाट, चौरंग, पाळणे, भातुकली आणि गंजिफा नावाचे खेळायचे पत्ते घडवले. आज तिथल्या दुकानात शिरताच नजरेत भरते ती लाकडी फळांची परडी. दोन्हीकडे कसब पिढीजात आहे आणि दोन्हीकडे पुढची पिढी धंद्यात यायला कचरते. तरीही मिरजेतली वस्तू आजही कसाला लागते, तर सावंतवाडीतली बरीचशी नुसती विकली जाते. हा फरक कारागिरांच्या हुशारीचा नाही, घेणाऱ्याचा आहे. लाकूडकामाच्या आजच्या दुखण्याचे निदान आपण चुकीच्या जागी करत आलो आहोत. आपण म्हणतो कारागीर संपत चालले. त्यांच्याआधी संपत चालला आहे तो वस्तू रोज हाताळणारा, तिच्यात खोट काढणारा आणि ती दुरुस्तीला परत आणणारा माणूस.

तंबोऱ्याचे उदाहरण जरा सविस्तर पाहण्यासारखे आहे. त्याचा भोपळा मंगळवेढा-पंढरपूरकडच्या शेतांतून येतो. दांडी आणि तबली तून या लाकडाची, हलक्या आणि नाद धरणाऱ्या. तबली किती पातळ तासायची हे मोजपट्टीवर ठरत नाही. बोटाने टिचकी मारून, कानाने ठरते. आणि सगळे जुळून आले तरी वाद्य बोलते ते जवारी लागल्यावर. घोडीचा माथा कानशीने इतक्या बेताने उतरवायचा की छेडलेली तार त्याला निसटता स्पर्श करत राहील आणि एकाच तारेतून अनेक सूर उमलतील. त्यात केसभर चूक झाली तर तंबोरा एक तर मुका होतो, नाहीतर करकरतो. ही चूक पाहुण्याला कळणार नाही, गाणाऱ्याला पहिल्या क्षणी कळते. पुरुषाच्या पट्टीचा तंबोरा वेगळा, स्त्रीच्या पट्टीचा वेगळा. एकाला खर्ज भरदार हवा असतो, दुसऱ्याला पंचम स्वच्छ हवा असतो. गायक नापसंतीचे वाद्य परत करतो, काही काळाने जवारी काढायला पुन्हा येतो, आणि या येण्या-जाण्यात कारागिराचे शिक्षण चालू राहते. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि मोबाईलवरचा सूर यांनी मागणी कमी केली हे खरे आहे. पण मागणी घटली म्हणून दर्जाची अट सैल झाली नाही, कारण जो गिऱ्हाईक उरला आहे तो सर्वांत कडक कानाचा आहे.

आता फळांची परडी घ्या. पांगाऱ्याचे लाकूड हलके आणि मऊ, कोरायला सोपे. चिंचोक्याच्या खळीचा हात देऊन त्याची छिद्रे बुजवायची, घासून गुळगुळीत करायचे, मग रंग. देठाजवळची हिरवट छटा, केळ्यावरचे तपकिरी ठिपके, सीताफळाचे डोळे यांत रंगवणाऱ्याचे निरीक्षण थक्क करणारे आहे. त्याला कमी लेखण्याचा इथे मुळीच हेतू नाही. पण या वस्तूची परीक्षा कोणती? खऱ्यासारखे दिसणे. ही परीक्षा ती एकदाच देते, दुकानात. घरी गेल्यावर तिच्यावर धूळ बसते, तिला कोणी विचारत नाही, आणि घेणारा पर्यटक पुन्हा त्या गावी येऊन तक्रार करत नाही. साहजिकच दोन पिढ्यांपूर्वी बसवलेला आंबा आजही तसाच बनतो. फार तर लाखेच्या जागी डब्यातला तयार रंग येतो, वरचा हात घाईने फिरतो, आणि त्याने विक्रीत काही बिघडत नाही. जी वस्तू खराब केली तरी चालते, ती हळूहळू खराब होतेच.

गंजिफांची कथाही याच बाजूने साक्ष देते. हे लाकूडकाम नव्हे, पण त्याच हातांचे, त्याच चिंचोक्याचे आणि लाखेचे काम आहे. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दशीपर्यंत पाने, अशी 120 गोल पाने असतात. दिवसा रामाच्या राजाने आणि रात्री कृष्णाच्या राजाने डाव उघडायचा, असा नियम. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात राजवाड्यात कारागिरांना बसवून ही कला मरणाच्या दारातून परत आणली; ते झाले नसते तर आज बोलायला काही उरले नसते. पण परत आली ती चित्रकला. खेळ परतला नाही. खेळणाऱ्याला पान हातात सरकायला हवे, पाठी सगळ्या सारख्या हव्यात, दिव्याच्या उजेडात खूण चटकन ओळखू यायला हवी. संग्राहकाला यातले काहीच लागत नाही, त्याला मत्स्यावताराचे खवले बारीक हवे असतात. पुनरुज्जीवनाच्या यशाची ही मर्यादा मोकळेपणाने मान्य केली पाहिजे.

पूर्वी वापराची ही कसोटी कुठे होती हे पाहायचे असेल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाकडे वळावे. केळकरांनी जमवलेल्या वीस हजारांहून अधिक वस्तूंत सर्वांत विस्मयकारक आहेत त्या रोजच्या: दिवे, अडकित्ते, करंडे, दारे, स्वयंपाकघरातली साधने. वेगळेपणा हे घडवणाऱ्यांचे उद्दिष्ट नव्हते. गरज नेमकी ओळखल्यामुळे तो आपोआप आला. संग्रहालयाबाहेरचे उदाहरण द्यायचे तर पाभरीवरचे चाडे घ्यावे. लाकडाचा लहानसा वाडगा, तळाला भोके, प्रत्येक भोकातून एक नळी फणाच्या मागे जमिनीत जाणारी. चाड्यावर मूठ धरणारी बाई चालता चालता बी सोडते आणि ते प्रत्येक ओळीत सारखे पडते. भोकांचा उतार थोडा जरी चुकला तर एक ओळ दाट आणि दुसरी विरळ उगवते. म्हणजे सुताराची चूक पंधरा दिवसांत अख्ख्या शिवाराला दिसणार, आणि बलुते मागायला त्याला त्याच शेतकऱ्याच्या खळ्यावर जायचे. यावर कोणी म्हणेल की ही बलुतेदारीची भलामण झाली. तसे नाही. जातीने बांधलेली, ठरलेल्या धान्यात राबवून घेणारी ती व्यवस्था गेली हे योग्यच झाले. मात्र तिच्याबरोबर घडवणारा आणि वापरणारा यांच्यातला जाब-जबाबही गेला. तो जातीवाचून, सन्मानाच्या मोबदल्यात पुन्हा उभा करता येतो का, हा आपल्यापुढचा प्रश्न आहे.

येतो, असे आंध्रातल्या एटिकोप्पाकाकडे पाहून म्हणता येते. तिथे आणि कर्नाटकात चन्नपट्टणला एकच तंत्र चालते. कुड्याच्या जातीचे पांढरे, बारीक पोताचे लाकूड चरकावर फिरवायचे, फिरत्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवायची, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते. मधल्या काळात कांड्यांत रासायनिक रंग आले. पण खेळणे तोंडात घालणारे तान्हे मूल हा फार कठोर गिऱ्हाईक असतो, आणि त्याच्या वतीने परदेशी खरेदीदारांनी व सजग पालकांनी विषारी रंगांविषयी प्रश्न विचारले. एटिकोप्पाकाच्या सी. व्ही. राजू यांनी हळद, नीळ, शेंद्री अशा वनस्पतिरंगांवर वर्षानुवर्षे काम करून लाखेत ते पुन्हा उतरवले. 2023 साली त्यांना पद्मश्री मिळाली. परंपरेचा नुसता अभिमान बाळगून हे घडले नसते. प्रश्न विचारला गेला, म्हणून शोध लागला. सावंतवाडीच्या भातुकलीला आणि ठकी या लाकडी बाहुलीला हा मार्ग आजही मोकळा आहे, कारण त्याही मुलांच्या हातात जाण्यासाठी जन्मलेल्या आहेत.

शहरांतल्या प्रदर्शनांत आणि ऑनलाइन बाजारात 'हटके' म्हणून मिरवणाऱ्या नव्या लाकडी वस्तू याच कसोटीवर पारखाव्यात. लाकडाचे घड्याळ, लाकडाचा टाय, लाकडाची चष्म्याची चौकट: यांत नवल एवढेच की दुसऱ्या द्रव्याची वस्तू लाकडात उतरवली. लाकूड असल्यामुळे ती अधिक चांगली चालते असे क्वचितच आढळते. दोन फळ्यांच्या मध्ये निळे रेझिन ओतलेली टेबले फार लोकप्रिय आहेत. लाकूड हवेतल्या ओलाव्याप्रमाणे आडव्या अंगाने फुगते-आकसते, रेझिन तसे करत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात या दोघांचे पटणे अवघड आहे. लेझरने कापलेल्या एमडीएफच्या पाट्या तर हस्तकला म्हणून विकल्याच जाऊ नयेत. इथे आक्षेप येईल की चरकही यंत्रच आहे, मग लेझरला वेगळा न्याय का? विजेच्या चरकाला माझी हरकत नाही. चरकावर बसलेला माणूस गाठ आली की हत्याराचा कोन बदलतो, रेषा उलटी निघाली की थांबतो. प्रत्येक तुकड्यापुढे त्याला निर्णय घ्यावा लागतो. लेझरला रेषा दिसत नाही, आणि एमडीएफला ती नसतेच. याउलट साधा लाकडी कलथा पाहा. नॉनस्टिक तव्यावर धातूने ओरखडे पडतात म्हणून तो नव्या स्वयंपाकघरात हक्काने परत आला. सांधा नाही, धार डावीकडे की उजवीकडे हे हातानुसार ठरते, मूठ तापत नाही. अशा वस्तूत कल्पकतेला भरपूर वाव आहे, आणि आपले रचनाकार तिकडे फारसे पाहत नाहीत.

सौंदर्य हाही उपयोगच नव्हे का, असे कोणी विचारील. आहे, आणि भिंतीवरच्या, फळीवरच्या वस्तूला घरात जागा असावी. फक्त साऱ्या कलेचा संसार त्या फळीवर चालवता येत नाही. सजावटीची वस्तू एका घरात एकदा जाते. लाटणे झिजते, भोवरा हरवतो, चौरंग पुढच्या पिढीला दुसरा लागतो. लाकूड अस्वच्छ असते ही समजूतही तपासून पाहावी. अमेरिकेत संशोधक डीन क्लाइव्हर यांनी 1990च्या दशकात केलेल्या प्रयोगांत लाकडी फळीवर सोडलेले जिवाणू आत शोषले जाऊन मरत गेले, तर सुरीच्या खाचा पडलेल्या प्लास्टिकच्या फळीवरून ते धुऊन काढणे कठीण ठरले. झाडांच्या तोडीची चिंता अधिक गंभीर आहे. पण पांगारा फांदी रोवली तरी जगतो, कुंपणाला आणि मिरीच्या वेलांना आधार म्हणून लावला जातो. लहान वस्तूंसाठी सागाचे जंगल लागत नाही. आंबा, फणस, शिवण आणि पांगारा यांची नियोजित लागवड पुरेशी आहे, आणि ती कारागिरांच्या वस्तीजवळच व्हायला हवी.

मानांकने, पुरस्कार आणि प्रदर्शने आपण उदंड दिली. 1952 साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले तेव्हापासून विक्रीची व्यवस्था हाच धोरणाचा गाभा राहिला. समीक्षा मात्र दिली नाही. संगीताला समीक्षक आहेत, नाटकाला आहेत. पाटाची बैठक, करंड्याच्या झाकणाचे नेमके बसणे, पाळण्याचा झोल यांवर लिहिणारा कोणी नाही. कौतुकाने कारागिराचे पोट भरत नाही आणि हातही सुधारत नाही. म्हणून वाचकांना विनंती अशी की पुढच्या वेळी सावंतवाडीला गेलात तर फळांची परडी जरूर पाहा, पण भातुकली, करंडा किंवा पाट मागा. लाकूड कोणते, रंग कोणता, सांधा निखळला तर दुरुस्त कोण करणार, हे दुकानदाराला नव्हे, घडवणाऱ्याला विचारा. वस्तू घरी आणून वापरा, आणि त्यात काही खटकले तर ते त्याला कळवा.