‘सीआयडी’ : गडबड नेमकी कुठे?

शुक्रवारची रात्र. इशाची नमाज झालेली, जेवणे आटोपलेली. नांदेडच्या इतवाऱ्यात काय आणि लातूरच्या गंजगोलाईमागच्या गल्ल्यांत काय, घराघरांतून ‘सीआयडी’ची ओळखीची धून ऐकू यायची. आम्ही त्या धुनेवर वाढलेले प्रेक्षक आहोत. साहित्याच्या वार्षिकात अशा मालिकेचे नाव घेणे आमच्या काही मित्रांना हलके वाटेल. परंतु जिने अम्मीपासून शाळकरी पोरापर्यंत सगळ्यांना एका सतरंजीवर बसवले, त्या मालिकेने गुन्हा, पोलीस आणि इन्साफ यांच्याकडे कसे पाहायला शिकवले, हे तपासायला नको काय?

बी. पी. सिंग यांची ही मालिका सोनी वाहिनीवर जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाली. त्याआधी याच सिंग यांनी मुंबई दूरदर्शनसाठी मराठीत ‘एक शून्य शून्य’ केली होती आणि शिवाजी साटम तीतही होते. त्यामुळे एसीपी प्रद्युमन हिंदीत बोलत असले तरी आम्हाला ते आपल्याकडचेच साहेब वाटत. त्यांचा हवेत फिरणारा हात आणि ‘कुछ तो गड़बड़ है’ हे वाक्य पोराटोरांच्या तोंडी बसले. आमच्या मते ते वाक्य हा मालिकेचा प्राण आहे. सगळे सरळ दिसत असताना एखाद्याने थांबून ‘थांबा, काहीतरी चुकते आहे’ म्हणणे, हेच तपासाचे पहिले पाऊल असते.

आमच्या घरांत ही गोडी आधीपासूनच होती. आमच्या वडीलधाऱ्यांनी इब्ने सफी यांची ‘जासूसी दुनिया’ भाड्याने आणून, कंदिलाच्या उजेडात वाचली होती. अलाहाबादहून १९५२ मध्ये निघू लागलेल्या त्या उर्दू मालिकेतले कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद त्यांना नात्यातल्या माणसांसारखे ठाऊक होते. फरीदीचे मोठेपण त्याच्या डोक्यात आणि सभ्यतेत होते. त्यामुळे ‘सीआयडी’ आली तेव्हा आम्ही तिच्याकडेही त्याच मापाने पाहिले.

त्या मापाला सुरुवातीचे भाग उतरले. पहिल्या काही वर्षांत एकेक प्रकरण दोन भागांत चालायचे. पहिला भाग संपताना चार-पाच जणांवर संशय असायचा आणि मग सबंध आठवडा वाट पाहायची. त्या आठवड्यात चहाच्या हॉटेलात, शाळेच्या मधल्या सुट्टीत, भाजी निवडताना प्रत्येकजण तपास अधिकारी व्हायचा. कुणी पुतण्याला धरायचे, कुणी नोकराला, कुणी रडणाऱ्या विधवेला. पण शिक्षा कुणाला होत नसे. संशय आणि गुन्हा यांत एका आठवड्याचे अंतर असते, हे आम्ही तेथे शिकलो. पुढे भारनियमनाच्या दिवसांत तर नेमकी शेवटच्या दहा मिनिटांत वीज जायची आणि खुनी कोण ते अंधारात राहायचे. दुसऱ्या दिवशी ज्यांच्याकडे वीज होती त्यांना विचारावे, तर दोघे दोन नावे सांगत! वीज मंडळाच्या कृपेने का होईना, निकाल राखून ठेवण्याची सवय आम्हाला लागली.

आमच्या आवडीचा दुसरा भाग म्हणजे ७ नोव्हेंबर २००४ रोजी दाखवलेला ‘द इनहेरिटन्स’. १११ मिनिटे, एकच सलग चित्रण, मध्ये एकही काप नाही. त्याचे कौतुक विक्रम म्हणून झाले, ते योग्यच. आम्हाला मात्र त्यातले वेगळे मोल वाटते. काप नसल्यामुळे कॅमेऱ्याला काही लपवून पुढे उडी मारता येत नाही. पोलीस खोलीतून खोलीत जातात तसे आपणही जातो. तपास म्हणजे वेळ आणि पायपीट, हे एरवी न दिसणारे सत्य त्या भागात दिसले.

पुढे एका भागात एक प्रकरण संपवण्याची पद्धत रूढ झाली आणि तेथेच घसरण सुरू झाली असे आम्हाला वाटते. डॉ. साळुंखे प्रयोगशाळेत काचेच्या नळीत निळे-हिरवे पाणी हलवतात, क्षणात उत्तर येते. दया दरवाजा तोडतो, संशयिताला एक थप्पड बसते, आणि तो घडाघडा सारे कबूल करतो. आम्हीही त्या थपडेवर टाळ्या वाजवल्या, हे लपवण्यात अर्थ नाही. दयानंद शेट्टी यांचा तो रुंद पंजा आणि आदित्य श्रीवास्तव यांची रोखलेली नजर यांत मजा होतीच. पण थप्पड आली की पुराव्याची गरज संपते. मालिकेच्या लेखकाची सोय झाली. प्रेक्षकाची समज मात्र आखडली.

कायदा काय म्हणतो? पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमात हे तत्त्व होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ते कायम आहे. इंग्रजांनासुद्धा थपडेचा भरवसा नव्हता! मोक्कासारख्या कायद्याने मात्र याला अपवाद केला. अधीक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब तेथे चालतो.

हा फरक आमच्या वाचकांना पुस्तकातून समजावण्याची गरज नाही. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी मालेगावात बॉम्बस्फोट झाले. त्यात नऊ मुस्लिम तरुणांना आरोपी करून मोक्का लावला गेला. काहींचे कबुलीजबाब नोंदवले गेले, ते त्यांनी पुढे नाकारले. २०११ मध्ये जामीन मिळाला आणि एप्रिल २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तोवर एकजण हयात नव्हता. मालिकेत कबुलीजबाबाने गोष्ट संपते. येथे ती तिथून सुरू झाली आणि दहा वर्षे चालली. ‘कुछ तो गड़बड़ है’ म्हणणारा कुणी साहेब पहिल्याच आठवड्यात उभा राहिला असता तर?

एक गोष्ट मालिकेच्या बाजूने नोंदवली पाहिजे. तिने गुन्ह्याला सहसा धर्म चिकटवला नाही. तिचे खुनी बहुधा इस्टेट, सूड, मत्सर यांनी पछाडलेले घरातलेच लोक असत. रोजच्या बातम्यांच्या तुलनेत हा मोठाच दिलासा होता. परंतु तपास पथकाकडे पाहावे तर प्रद्युमन, अभिजीत, दया, विवेक, सचिन आणि आम्हा सर्वांचा लाडका फ्रेडरिक्स. (दिनेश फडणीस २०२३ च्या डिसेंबरात गेले, तेव्हा आमच्या घरात खरोखर सुतक आल्यासारखे झाले.) यांच्या पंक्तीत बसून लक्षात राहील असे आमच्यातले एकही नाव आम्हाला आठवत नाही. इब्ने सफींच्या हिंदी आवृत्त्यांत फरीदीचा ‘विनोद’ आणि इमरानचा ‘राजेश’ झाला होता, हमीद तेवढा राहिला. म्हणजे साहाय्यक मुसलमान चालेल, नायकाचे नाव बदलावे लागेल, हा हिशेब फार जुना आहे.

मालिका २०१८ मध्ये थांबली, डिसेंबर २०२४ मध्ये परतली. २०२५ मध्ये एसीपींचा मृत्यू दाखवून त्यांना पुन्हा आणलेही गेले. प्रेक्षकाला धक्का देण्याचा हा खेळ आम्हाला रुचला नाही. मृत्यूच खोटा ठरणार असेल तर पुराव्याला किंमत ती काय?

तक्रार मात्र केवळ मुंबईच्या निर्मात्यांकडे करून भागणार नाही. आमच्या मुस्लिम मराठी साहित्याने कविता दिली, आत्मकथने दिली, वैचारिक लेखन दिले. गुप्तहेरकथेला आम्ही हलकी समजून बाजूला ठेवले. इतवाऱ्यात वाढलेला, घरात दखनी आणि ठाण्यात मराठी बोलणारा, मारहाण न करता पुराव्यामागे पायपीट करणारा एखादा फौजदार आमच्या लेखकांनी का लिहू नये? फरीदीचे वाचक आमच्या घरांत अजून आहेत. त्यांच्या नातवंडांना तो मराठीत भेटला पाहिजे, आणि या खेपेस त्याचे नाव बदलायला नको.