‘बनगरवाडी’ची आखणी

आयुष्य काही आराखडा हातात घेऊन घडत नाही, मग कादंबरीने तो का घ्यावा, असे विचारणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. आखणी रहस्यकथेला लागते, ऐतिहासिक कादंबरीला लागते. जगण्याशी इमान राखणाऱ्या कादंबरीला मात्र ती मारक ठरते, असा या मताचा रोख असतो. त्याच्या पुष्ट्यर्थ व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) हटकून पुढे केली जाते. तिला कथानक असे नाहीच. एक मास्तर वाडीवर येतो, माणसे भेटतात, दुष्काळ पडतो, मास्तर निघून जातो, एवढेच. ही व्यक्तिचित्रांची माळ आहे, कादंबरी नव्हे, असा आक्षेपही याच वाचनातून येतो. म्हणजे स्तुती करणारे आणि नाक मुरडणारे यांचे गृहीतक एकच आहे. प्रस्तुत लेखात ते गृहीतक तपासायचे आहे.

तपासणीची सोय खुद्द माडगूळकरांनीच करून ठेवली आहे. ‘बनगरवाडी’च्या सहा वर्षे आधी, १९४९ साली, त्यांचे ‘माणदेशी माणसं’ आले. मुलूख तोच, माणसे त्याच मातीतली. ‘धर्मा रामोशी’त रामोशी आहे, ‘झेल्या’त तर शाळा आहे आणि निवेदन करणारा मास्तरही आहे. कच्चा माल बहुतेक तिथेच तयार होता. या पुस्तकातले कोणतेही एक चित्र काढून टाकले, तर पुस्तक तेवढ्याने उणे होईल, पण उरलेल्या चित्रांना धक्का लागणार नाही. हीच कसोटी ‘बनगरवाडी’ला लावून पाहावी.

अंजीच्या चोळीचा प्रसंग घ्या. चोळी शिवून आणण्याचे साधे काम मास्तर करतो, त्यावरून गावात कुजबुज होते आणि कारभारी त्याच्यावर बिथरतो. सुटा वाचला तर हा एक गमतीदार, थोडासा बोचरा किस्सा आहे. तो काढून टाकला तर मात्र कारभारी आणि मास्तर यांच्यातला विश्वास कधी पणाला लागलेलाच दिसत नाही. आणि या कादंबरीचे खरे कथानक तो विश्वासच आहे. परगावच्या पोरसवदा माणसाला वाडी आपला कशी म्हणते, हे सूत सगळ्या प्रसंगांतून ओवलेले आहे.

दुसरी गोष्ट निवेदकाची. वाडीची हकीकत एखाद्या धनगरानेही सांगितली असती. माडगूळकरांनी राजाराम सौंदणीकर हा तरुण मास्तर निवडला, आणि या एका निवडीने अर्धे काम झाले. शाळा ही अशी जागा की तिथे ज्याला त्याला आपापल्या गरजेपोटी यावे लागते. कुणाला कागद वाचून घ्यायचा असतो, कुणाला तालुक्याहून काही आणवायचे असते, कुणाला नुसते बसायचे असते. पात्राला प्रवेश देण्यासाठी लेखकाला निमित्त शोधत बसावे लागत नाही. शिवाय मास्तर नवखा असल्यामुळे तो विचारतो, आणि त्याच्याबरोबर आपल्यालाही कळत जाते. या निवडीची किंमतही आहे. मास्तराला घरांच्या आत जाता येत नाही. त्यामुळे अंजी असो की शेकूची बायको, स्त्रिया उंबऱ्याबाहेरूनच दिसतात; त्यांच्या मनात काय चालले आहे, याला पुस्तकात जागाच नाही. ही उणीव मला खरी वाटते. पण ती निष्काळजीपणाची नव्हे, पत्करलेल्या मर्यादेची आहे.

आता घटनांचा क्रम पाहा. वाडीची तालीम बांधली जाते, लोक श्रम देतात, राजा येतो. कादंबरीतला हा उंचवटा आहे. कादंबरी इथे संपली असती तर ग्रामसुधारणेची एक गोड गोष्ट झाली असती. दुष्काळापासून सुरू झाली असती तर करुणकथा झाली असती. माडगूळकर आधी गाव उभे करतात, त्याच्याकडून काहीतरी बांधवून घेतात आणि मग पाऊस थांबवतात. मेंढरे मरतात, माणसे जगायला बाहेर पडतात, शाळा ओस पडते. जे उभे राहिले ते आपण पाहिलेले असते, म्हणून जे मोडते ते आपल्याला लागते.

हा दुष्काळ आभाळातून अवचित कोसळत नाही. जोडीला दुसरा बैल नाही म्हणून शेकूची बायको बैलाच्या जागी औताला खांदा देते, तो प्रसंग आठवावा. वाचताना आपण त्या बाईच्या हिमतीने भारावतो. पण कादंबरीच्या रचनेत त्या प्रसंगाचे काम वेगळे आहे. एका बैलावाचून ज्या गावात माणसाला जुवाखाली जावे लागते, त्या गावाचे एक पावसाळा चुकल्यावर काय होणार, हे तिथे सांगून झालेले असते. आपण ते ऐकलेले नसते, इतकेच.

उलट बाजूने हरिभाऊ आपट्यांकडे पाहावे. ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ‘करमणूक’ साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः आली. तिच्यात पाल्हाळ आहे आणि तो दाखवायला समीक्षक लागत नाही. तरीही ती विस्कटत नाही. कारण यमू सारे भोगून झाल्यावर सांगायला बसली आहे. माहेरच्या लहानसहान आठवणींवरही पुढच्या वैधव्याची सावली आहे. हप्ते कितीही लांबोत, बोलणारीला शेवट ठाऊक आहे. म्हणजे ऐसपैस लिहिणारे हरिभाऊ आणि मोजके लिहिणारे माडगूळकर, दोघांनीही निवेदक कोण आणि तो कुठे उभा आहे, हे पक्के केल्यावरच बाकीचे मोकळे सोडले आहे.

आखणी म्हणजे घटनांची यादी नव्हे, हे यातून निघते. आराखडा कागदावर होता की डोक्यात, याला फारसे महत्त्व नाही. आखणीचा पुरावा पुस्तकातच असतो, आणि एखादा प्रसंग काढून पाहिला की तो सापडतो. हे सांगण्याची निकड अशी की, ‘बनगरवाडी’कडे बोट दाखवून आज कितीतरी सुटी प्रकरणे एका बांधणीत घालून कादंबरी म्हणून छापली जातात. त्यांतली माणसे खरी असतात, बोली अस्सल असते, अनुभवही उसना नसतो. एवढे भांडवल गाठीला असून पुस्तक मात्र उभे राहत नाही. अशा लेखकांनी ‘बनगरवाडी’ जरूर समोर ठेवावी. पण तिचा सैलपणा उचलण्यापूर्वी तो किती घट्ट विणलेला आहे, हे एकदा उसवून पाहावे.