निमूट चुकीचे वाचन : विन्यासफाइलींच्या स्वयंचलित चाचणीचे एक परीक्षण

संगणकाची आज्ञावली कार्यारंभी एक लहानशी फाइल वाचते. किती वेळ वाट पाहावी, कोणत्या क्रमांकाशी संपर्क साधावा, कोणती सूचना केव्हा द्यावी, या गोष्टी आज्ञावलीच्या पोटात कायमच्या न कोरता या फाइलीत लिहून ठेवण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखात तिला विन्यासफाइल असे म्हटले आहे. ती लिहिणारा मनुष्य आणि वाचणारे यंत्र, अशी ही व्यवस्था असल्यामुळे तिच्यासंबंधीचे प्रश्न जितके तंत्राचे तितकेच अर्थनिर्णयाचेही आहेत. हे वाचन बरोबर होते की नाही याची परीक्षा यंत्राकडूनच करून घेण्याच्या अनेक पद्धती गेल्या तीन-चार दशकांत निर्माण झाल्या. त्यांचे यश निर्विवाद आहे. तथापि फाइल लिहिणाऱ्याला काय म्हणायचे होते, या प्रश्नाला त्यांपैकी बहुतेक पद्धतींत जागाच ठेवलेली नाही.

ही उणीव एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. मीरा-भाईंदर शहरातील नागरिकांना माहिती पुरवणारी एक आज्ञावली आहे, असे समजावे. तिच्या विन्यासफाइलीत शहराचा दूरध्वनी-संकेतांक ०२२ लिहिला आहे. प्रभागांचे क्रमांक ०१ ते १२ असे दोन-दोन अंकी लिहिले आहेत. आणि भाईंदर स्थानकावरील दोन लोकलगाड्यांच्या वेळा, सकाळची ०८:१५ व संध्याकाळची १८:१५, अशा नोंदल्या आहेत. (येथे छापताना देवनागरी अंक योजले असले तरी फाइलीत ते आंतरराष्ट्रीय अंकांत आहेत, असे धरावे.) फाइल 'यॅमल' या सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीने लिहिली आहे आणि ती वाचण्याचे काम पायथन भाषेतील 'पाययॅमल' या वाचकाकडे आहे. हा वाचक यॅमलच्या १.१ या आवृत्तीचे नियम पाळतो. त्या नियमांप्रमाणे शून्याने आरंभ होणारी संख्या अष्टमान पद्धतीची समजली जाते. म्हणून ०२२ याचे वाचन १८ असे होते. प्रभाग ०१ ते ०७ हे संख्या ठरतात. परंतु आठ व नऊ हे अंक अष्टमानात नसल्यामुळे ०८ आणि ०९ हे दोन प्रभाग संख्या न राहता शब्द बनतात, आणि १० पासून पुन्हा संख्या सुरू होतात. गाड्यांची गत याहून चमत्कारिक आहे. विसर्गासारख्या चिन्हाने जोडलेले अंक हा वाचक षष्टिमानातील संख्या मानतो, मात्र पहिला अंक शून्य नसेल तरच. परिणामी सकाळची गाडी ०८:१५ या शब्दरूपातच राहते आणि संध्याकाळची गाडी १०९५ या संख्येत रूपांतरित होते. सकाळी दहाच्या आत सुटणाऱ्या गाड्यांना एक व्याकरण आणि नंतरच्या गाड्यांना दुसरे, असा हा प्रकार आहे.

यात कोणी चुकले आहे काय? लिहिणाऱ्याने शहरातील प्रत्येक फलकावर जसे लिहिलेले असते तसेच लिहिले. वाचकाने आपले नियम काटेकोरपणे पाळले. आज्ञावली बंद पडली नाही, तिने तक्रारही केली नाही. फक्त संकेतांक बदलला आणि संध्याकाळच्या गाडीची वेळ हरवली. या निमूट चुकीच्या वाचनाच्या निकषावर प्रचलित चाचणीपद्धती लावून पाहिल्या म्हणजे प्रत्येकीचे बळ आणि मर्यादा एकदमच दृष्टोत्पत्तीस येतात.

सर्वांत जुनी आणि सर्वांत रांगडी पद्धत म्हणजे निरर्थक अक्षरांचा मारा. १९८८ मध्ये एका वादळी रात्री विस्कॉन्सिन विद्यापीठाचे बार्टन मिलर हे दूरध्वनीच्या तारेवरून विद्यापीठाच्या संगणकावर काम करीत असता तारेतील खरखरीमुळे भलतीच अक्षरे शिरत होती आणि त्यांमुळे चांगल्या नावाजलेल्या आज्ञावल्या कोसळत होत्या. त्यावरून सुचलेल्या प्रयोगाचा वृत्तांत १९९० मध्ये प्रसिद्ध झाला; युनिक्सच्या तपासलेल्या प्रत्येक आवृत्तीत चतुर्थांश ते तृतीयांश उपयुक्त आज्ञावल्या या माऱ्यापुढे टिकल्या नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. या पद्धतीचा थोर गुण असा की ती आज्ञावलीच्या कर्त्याचे कोणतेही गृहीतक मान्य करीत नाही. पण कोसळणे किंवा अडकून पडणे हाच तिचा एकमेव निकष असल्यामुळे ०२२ चे १८ झालेले तिला दिसत नाही. १८ ही संख्या कोणालाही कोसळवीत नाही.

२००८ मध्ये लोझान येथील केलर, उपाध्याय आणि कांदेआ यांनी मांडलेले 'कॉन्फएर' हे साधन याच्या पुष्कळ पुढे गेले. येथे अक्षरे निरर्थक नाहीत. माणूस कसा चुकतो याविषयीच्या मानसशास्त्रीय उपपत्तीचा आधार घेऊन शुद्ध फाइलीत बेतशीर चुका पेरल्या जातात : एखादे अक्षर गळते, दोन अक्षरांची अदलाबदल होते, एखादी ओळ भलत्या विभागात जाऊन पडते. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, अपाचे यांसारख्या आज्ञावल्यांवर हा प्रयोग केलेला आहे. आज्ञावलीने चूक ओळखली, नंतरच्या चाचणीत ती उघडकीस आली, की तिच्याकडे दुर्लक्षच झाले, असे निष्पत्तीचे वर्गीकरण करून निमूट राहणाऱ्या आज्ञावलीसाठी स्वतंत्र रकाना ठेवणे, हे या संशोधनाचे खरे श्रेय होय. त्याची मर्यादा मात्र त्याच्या मूळ कल्पनेतच आहे. मूळची फाइल शुद्ध आणि तिचा आज्ञावलीने लावलेला अर्थही शुद्ध, हे येथे गृहीत आहे. भाईंदरच्या फाइलीत पेरायला चूकच नाही. तिची शुद्ध प्रतच चुकीची वाचली जाते.

२०१३ मध्ये तिएनयिन शू आणि त्यांचे सहकारी यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधाच्या शीर्षकाचा आशय 'विन्यासदोषांचा बोल वापरणाऱ्याला लावू नका' असा आहे, आणि त्या एका वाक्याबद्दलही तो निबंध स्मरणात राहावा. 'अवतरणचिन्हे का घातली नाहीत?' हा प्रश्न आज्ञावलीकार ज्या सहजतेने विचारतात, तिला हे चोख उत्तर आहे. त्यांच्या 'स्पेक्स' या साधनाने आज्ञावलीच्या मूळ मजकुरातूनच प्रत्येक मूल्यावरील बंधने शोधून काढली, ती बंधने मोडणारी मूल्ये देऊन पाहिली, आणि अशा रीतीने ७४३ दुर्बल स्थळे उघडकीस आणली. परंतु बंधने जर आज्ञावलीतूनच काढायची तर आज्ञावलीचा जो समज, तोच चाचणीचा समज होतो. वाचक ०२२ ला संख्या मानतो. १८ ही संख्या आहे. बंधन पाळले गेले. आरोपीच्याच जबानीवर निकाल देण्यासारखे हे आहे.

हा दोष केवळ पुस्तकी नाही. १९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या संरक्षक आज्ञावली पुरवणाऱ्या कंपनीने एक नवी विन्याससदृश फाइल जगभर धाडली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातील काही विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपास देण्यात आले. ६ ऑगस्ट रोजी कंपनीने प्रसिद्ध केलेले कारणमीमांसेचे टिपण चाचणीशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे असे आहे. फाइलीच्या नमुन्यात २१ रकाने होते. ती वाचणाऱ्या भागाला मात्र २० च मूल्ये पुरवली जात होती. चाचण्या झाल्या होत्या आणि त्या उत्तीर्णही झाल्या होत्या, कारण त्या चाचण्यांत एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' अशा अर्थाचे चिन्ह घातलेले होते. ते चिन्ह असले म्हणजे त्या रकान्याकडे पाहण्याची वेळच येत नाही. फाइल तपासणाऱ्या दुसऱ्या आज्ञावलीनेही २१ मूल्ये मिळतील असेच धरले होते. १९ जुलैच्या फाइलीत त्या रकान्यात प्रथमच नेमके मूल्य आले, आणि जे नव्हतेच ते वाचण्याचा प्रयत्न झाला. येथे निदान यंत्रे बंद तरी पडली आणि चूक तासा-दीड तासात हेरली गेली. भाईंदरची संध्याकाळची गाडी अशी बोंब मारत नाही.

मराठीत लिहिलेल्या फाइलींपाशी आले म्हणजे ही निमूटता आणखी दाट होते. एखाद्याने १५ हा आकडा खरोखरच देवनागरी अंकांत लिहिला, तर पायथन आणि जावा या भाषांच्या अंकवाचकांना तो पंधराच वाटतो. जावास्क्रिप्टला तो संख्याच वाटत नाही. आणि सी भाषेतील 'ॲटोआय' हे जुने फलन त्याचे शून्य करून, काहीच झाले नाही अशा थाटात पुढे जाते. 'होय' हा शब्द पायथनच्या विन्यासवाचकाला कळत नाही व तो तसे सांगतो. जावाचा सत्यासत्य-वाचक मात्र 'होय' ला नकार समजतो. (इंग्रजी 'येस' लाही तो नकारच समजतो, हे त्याच्या निःपक्षपातीपणाचे द्योतक म्हणावे.) उत्तनच्या किनाऱ्यावरील 'वाऱ्याचा वेग' या नावाची नोंद घ्यावी. त्यातील अर्धा ऱ संगणकाच्या सांकेतिक लेखनात तीन प्रकारे लिहिता येतो : सबंध ऱ ला हलन्त देऊन, र ला नुक्ता व हलन्त देऊन, किंवा र ला हलन्त देऊन पुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. पहिले दोन प्रमाणीकरणाने एकरूप होतात, तिसरा होत नाही. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. ज्या फाइलीत एक आणि आज्ञावलीत दुसरा प्रकार असेल, तेथे नोंद 'सापडत नाही' आणि पुष्कळ आज्ञावल्या अशा वेळी निमूटपणे ठरीव मूल्य वापरतात. शहराच्या नावाचेही तेच : महानगरपालिकेच्या नावात 'मिरा' ऱ्हस्व आहे, इतरत्र 'मीरा' दीर्घही दिसते. डोळ्यांनी वाचणाऱ्याला ते एकच शहर आहे.

यावर उपाय अगदीच नाहीत असे नव्हे. एकच फाइल अनेक वाचकांकडून वाचवून घ्यावी आणि मतभेद झाला की थांबावे, ही तुलनात्मक चाचणीची कल्पना विल्यम मॅकीमन यांनी १९९८ मध्येच मांडली होती, आणि प्रस्तुत निकषावर तीच सर्वांत सरस ठरते. ०२२ याचे यॅमल १.१ प्रमाणे १८ होतात, २००९ च्या १.२ प्रमाणे २२ होतात, आणि टॉमल व जेसन या पद्धती अवतरणचिन्हांविना लिहिलेली अशी संख्या सरळ नाकारतात. यांपैकी एकही वाचक संकेतांक म्हणून ०२२ देत नाही, हे खरे. पण त्यांचे भांडणच लिहिणाऱ्याला जागे करते. त्यापुढची पायरी म्हणजे आज्ञावलीने काय वाचले याची पावती लिहिणाऱ्याच्या भाषेत परत द्यावी, आणि लिहिणाऱ्याने स्वतंत्रपणे नोंदवलेल्या अपेक्षित अर्थाशी ती चाचणीने ताडून पाहावी. यात श्रम दुप्पट होतात, ही तक्रार रास्त आहे. म्हणून सर्व फाइलींना नव्हे, तरी मराठी आज्ञावल्यांसाठी निदान एक सामाईक नमुनासंग्रह हवा. आणि तो संगणकशास्त्राच्या विभागाला एकट्याने करता येण्याजोगा नाही, कारण कोणती दोन रूपे एकच शब्द आहेत हे ठरवण्याचे काम भाषेच्या अभ्यासकाचे आहे. त्या संग्रहातील पहिल्या फाइलीत ०२२, ०८, ०८:१५ आणि १८:१५ एवढ्या चारच नोंदी असाव्यात. दुसरीत 'वाऱ्याचा वेग' ही एकच नोंद तिन्ही लेखनांत असावी, आणि प्रत्येक नोंदीसमोर लिहिणाऱ्याला अभिप्रेत असलेला अर्थ साध्या मराठीत लिहिलेला असावा.